ओटीवरच्या माहेरवाशिणी

आमच्या साडूंइतक्या निर्मळ मनाने बायकांच्या पर्सकडे टक लावून पाहणारा पुरुष विरारपासून डहाणूपर्यंत दुसरा सापडणार नाही. लग्नात सगळे नवरीकडे पाहत असतात तेव्हा हे नवरीच्या मावशीच्या खांद्याकडे पाहत असतात. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत. "ती नाय का, काळी, एका बाजूने उसवलेली, कड्या गंजलेल्या," असं ते बोलू लागले की नवखा माणूस दचकतो. हे वर्णन बाईचं नसून तिच्या बॅगेचं आहे, हे समजावून सांगायला त्यांची बायको कायम त्यांच्या मागेच उभी असते. ती माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो. एकदा बोईसरच्या भाजीबाजारात एका बाईने साडूंना सरळ जाब विचारला, "काय बघताय हो मघापासून?" साडू शांतपणे म्हणाले, "तुमचा पट्टा. आज तुटेल, नायतर उद्या." ताईने कपाळावर हात मारून घेतला. बाई तोंड उघडणार तेवढ्यात पट्टा तुटला आणि बॅग टोमॅटोच्या ढिगावर जाऊन बसली. संध्याकाळी ती बॅग साडूंच्या घरी होती. बाईसुद्धा होत्या, चहा पीत.

हे घर उमरोळीच्या पश्चिमेला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिकूच्या वाडीत आहे. पुढच्या बाजूला लांबरुंद ओटी, तिला वाऱ्याखेरीज भिंत नाही. वाडी वडिलोपार्जित असली तरी साडूंची सारी नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली. ताई सांगते की आपला नवरा मुळात कोणत्या रंगाचा आहे हे लग्नानंतर कित्येक दिवस तिला कळलंच नव्हतं. आज कान निळे, उद्या नखं पिवळी. निवृत्तीनंतर ते रंग अंगावरून उतरले, पण रंगांचा नाद राहिला, आणि कुठून कसा कोण जाणे, तो जुन्या चामड्याच्या पर्सवर येऊन स्थिरावला. आमच्या पट्ट्यात देशभरातून माणसं नोकरीला येतात आणि बदली झाली की अर्धं सामान इथेच टाकून जातात. ते सालवडच्या बाजूला भंगारवाल्यांकडे पोचतं. साडू स्कूटरवरून तिथे जातात आणि ढिगासमोर उकिडवे बसतात. तिथला एक भंगारवाला तर त्यांना लांबून पाहूनच भर रस्त्यात ओरडतो, "चाचा, आपके लिए दो लेडीज रखी हैं अंदर!" सालवडमध्ये नव्याने राहायला आलेल्या कामगारांचा साडूंविषयी काय समज होत असेल, याचा विचार मी करत नाही.

चामडं ओटीवर येऊ लागलं तेव्हा त्यांचे थोरले भाऊ अंगणात येऊन उभे राहिले होते. "समोर तुळस हाय, आणि तू इथे चामडं घेऊन बसतोस?" साडूंनी मान वर न करता विचारलं, "देवळातला मृदंग काय केळीच्या सोपटाचा हाय?" भाऊ आले तसे निघून गेले. बरेच दिवस अबोला होता. मग एका दुपारी ते आले, कमरेचा पट्टा काढून ओटीच्या कडेला ठेवला, आणि तेव्हाही न बोलताच, धोतर सावरतात तशी पँट सावरत घरी गेले.

मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून साडूंसाठी मी मास्तर. शब्दांची जबाबदारी माझ्याकडे आहे असं ते धरून चालतात, पण ऐकत मात्र नाहीत. एकदा मी त्यांना सहज म्हटलं, "भाऊ, दुरुस्तीला बऱ्याच आलेल्या दिसतात." त्यांना ते लागलं. "दुरुस्तीला काय म्हणता, मास्तर? दमून आल्यात त्या. माहेरपणाला आल्यात." आणि खरोखरच त्यांची वागणूक तशीच असते. नवी आलेली बॅग ते लगेच हातात घेत नाहीत. ओटीच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत बांधलेल्या दोरीवर ती नुसती टांगतात. "आल्या आल्या कामाला लावतात काय लेकीला? वारा खाऊ दे." मग कधीतरी तिची वेळ येते. आतल्या वस्तू काढताना साडू डोळे घट्ट मिटून घेतात, कारण लेकीच्या मनातलं बापाने बघायचं नसतं. त्यापायी सेफ्टी पिना टोचून त्यांची बोटं चाळणीसारखी झाली आहेत. निघेल ते सगळं कागदात बांधून ताईकडे जातं. मग कोरडा ब्रश. मग साबणाचा नुसता फेस, पाणी नाही. ताईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसणं, सावलीत वाळवणं, आणि शेवटी बोटाच्या टोकावर मेण घेऊन गोल गोल, गोल गोल चोळणं. त्या वेळी ते पुटपुटत असतात. काय ते मी कधी विचारलं नाही.

दुपारी त्या ओटीवर बसून राहावं. खाऱ्या वाऱ्याने दोरी हलते आणि तपकिरी, काळ्या, हिरव्या, शेंदरी बॅगा एका लयीत झुलत राहतात. चिकूच्या पानांतून ऊन गळतं आणि त्यांच्या पाठींवरून सरकत जातं. पूर्वेकडून एखाद्या कारखान्याचा भोंगा येतो, तो इथे पोचेपर्यंत पाखराच्या आवाजासारखा होतो. अशा वेळी माझा डोळा लागतो आणि त्या सगळ्या जणी ओटीच्या कडेला पाय सोडून बसलेल्या दिसतात, कुठल्या कुठल्या गावांच्या, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या, पण गप्पा मात्र चाललेल्या. जाग आल्यावर दोरी हलत असते आणि कोणी नसतं.

साडूंचे सगळेच उपचार लागू पडले असं नाही. आमच्याकडे पावसाळ्यानंतर चामड्यावर बुरशी धरते. बुरशीला आंबट काहीतरी लागतं, व्हिनेगर, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. "ते बाटलीतलं कशाला? आपल्याकडे ताडी हाय की," असं म्हणून त्यांनी शिळी, आंबलेली ताडी फडक्यावर घेतली आणि एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची पर्स आतबाहेर पुसून काढली. बुरशी गेली. पर्स चकचकीत झाली. दुसऱ्या दिवशी बाई पालकसभेला गेल्या आणि पर्स टेबलावर ठेवून व्यसनमुक्तीवर बोलल्या. पहिली रांग हळूहळू एकमेकांकडे पाहू लागली. त्या बाई पुढे साडूंशी बोलत नव्हत्या, पण पर्स वापरत होत्या. साडूंच्या दृष्टीने महत्त्वाचं ते होतं.

माहेरवाशीण म्हटली की ती परत जाताना तिची ओटी भरायला हवी. साडू कोणतीही बॅग रिकामी पाठवत नाहीत. मूठभर तांदूळ, एक सुपारी, हळकुंड, असं फडक्यात बांधून ते आतल्या कप्प्यात ठेवतात आणि सांगायचं विसरतात. एका कारखान्यात नोकरी करणारी एक बिहारी बाई बॅग घेऊन गेली आणि सकाळी गेटवर तपासणीत अडकली. "मैडम, ये चावल-हल्दी किसने डाला? कुछ टोना-टोटका तो नहीं?" म्हणत पहारेकरी मागे सरकला. रांग थांबली. बाईने ती पुरचुंडी हातात घेतली, सोडून पाहिली आणि परत बांधली. सुट्टीच्या दिवशी ती उमरोळीला आली. भांडायला आली असं समजून साडू केळीच्या मागे जाऊन उभे राहिले. ती ताईला म्हणाली, "हमारे यहाँ इसको खोइँछा बोलते हैं, दीदी. मायके से निकलते समय माँ भरती है. अम्मा गयी, उसके बाद किसी ने नहीं भरा." आता ती अधूनमधून धडधाकट बॅग घेऊन येते. साडू ती उलटीपालटी करून पाहतात आणि गंभीरपणे सांगतात, "हां, थोडा थक गयेला है. रहने दो चार दिन."

'चार दिवस राहू दे' हे साडूंचं माझ्याशीही जुनं वाक्य होतं. माझ्या बायकोचे आईवडील लवकर गेले, त्यामुळे ताईची ओटी हेच तिचं माहेर. मी तिला पोचवायला आलो की साडू म्हणायचे, "चार दिवस राहू दे, मास्तर." मी हो म्हणायचो. पण ती स्वतःच दुसऱ्या दिवशी पालघरला आमच्या घरी हजर. "यांना चहासुद्धा धड करता येत नाय, भावोजी," असं त्यांना सांगून यायची. तिची डाळिंबी रंगाची पर्स याच ओटीवर तयार झाली होती. बाजूच्या कप्प्यात ती वेलची ठेवायची, कारण बसमध्ये तिला मळमळायचं, आणि डोकेदुखीच्या बामची डबी. ती गेल्यावर मी ती पर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून कपाटात ठेवली. वास उडू नये म्हणून. कधी कधी पिशवी सोडायची, पर्स किंचित उघडायची, वेलची आणि बाम, पुन्हा मिटायची. पुस्तकं वाचून दुःखाविषयी मला बरंच माहीत होतं, पण उपयोगी एवढंच पडत होतं.

या वर्षी पावसाळ्यानंतर पिशवी सोडली तर पर्सवर पांढरी लव आली होती. मी ती घेऊन उमरोळीला गेलो. साडूंनी ती दोन्ही हातांत घेतली, पण डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे पाहिलं.

"प्लॅस्टिकमधी कोंडलीत हिला?"

"वासासाठी," मी म्हटलं. "भाऊ, आतला वास राहील का?"

त्यांनी बराच वेळ चामडं अंगठ्याने दाबून पाहिलं. "खोटं नाय सांगणार, मास्तर. बुरशी आत शिरलीय. ती काढायची तर वास जाणार. नाय काढली तर दिवाळीनंतर चामडंच राहणार नाय."

मी पर्स परत घेऊन आलो. वाटेत ती छातीशी धरली होती आणि लोक बघत होते. घरी आल्यावर उघडली. वेलचीच्या वासात आता ओल्या भिंतीचा वास मिसळला होता, आणि कुठला वाढतो आहे ते स्पष्ट होतं. दसऱ्याच्या आधी मी पुन्हा गेलो आणि ती दोरीवर टांगून आलो.

मग सुरू झाल्या माझ्या रविवारच्या फेऱ्या. "झाली का हो?" "सुकतेय अजून." पुढच्या रविवारी, "मेण मुरायचंय." त्याच्या पुढच्या, "वारा बरोबर नाय." मी ओटीवर बसायचो, ताईच्या हातचं जेवायचो, दोरीकडे बघत डुलकी घ्यायचो. माझी पर्स दोरीवर नसायची. "आत हाय, सावलीत," साडू सांगायचे आणि घाईने दुसऱ्या कुणाचा तरी पट्टा चोळू लागायचे. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात. रंगाच्या कारखान्याशी त्याचा संबंध नाही.

परवा मी रविवार नसताना गेलो. साडू स्कूटरवरून सालवडला गेले होते. ओटीवर ताई खांबाला टेकून झोपली होती आणि तिच्या मांडीवर डाळिंबी पर्स होती. स्वच्छ, मऊ, तुकतुकीत, केव्हाच तयार झालेली. ताईचा हात तिच्यावर असा होता, जसा लहान बहिणीच्या केसांत असावा. मी चपला न वाजवता पायरीवर बसून राहिलो.

तिला जाग आली तशी ती गडबडली. "मीच त्यांना सांगितलेलं, देऊ नका इतक्यात," ती म्हणाली. "त्यांना बोलू नका. तिला कदी धड दोन दिवस ऱ्हाता आलं नाय इथे." तिने पर्स माझ्या पुढे केली. मी उघडली. बाम गेला होता. ओल गेली होती. मेणाचा मंद वास होता, फडक्याची पुरचुंडी होती, आणि बाजूच्या कप्प्यात हिरव्या ताज्या वेलच्या. तो तिचा वास नव्हता. पण ती आज निघाली असती तर बाजूच्या कप्प्यात हेच ठेवून निघाली असती.

स्कूटर अंगणात थांबली. मागे एक भली मोठी निळी बॅग बांधली होती. साडूंनी मला पाहिलं, माझ्या हातातली पर्स पाहिली, आणि त्यांचे कान लाल झाले.

"न्यायला आलात काय?" त्यांनी जुन्याच आवाजात विचारलं.

वारा आला. दोरीवरच्या सगळ्या जणी हळूच माझ्याकडे वळल्या.

"नाही," मी म्हटलं. "राहू दे अजून चार दिवस."

ताईने पर्स घेतली आणि आतल्या खोलीत न नेता, सगळ्यांच्या मधोमध, दोरीवर टांगली. साडू निळी बॅग सोडवू लागले.

संध्याकाळी पालघरच्या घरी आलो. दिवा लावला, चहा टाकला. तो नेहमीप्रमाणे बिघडला. मी खिडकीशी बसून तो सगळा प्यालो, बायको माहेरी गेलेला माणूस पितो तसा.