शुक्रवारची पाहणी

डोंबिवलीतल्या आमच्या मानपाड्याकडे पाहुणा बोलवायचा तर शुक्रवारी बोलवतात. कंपन्यांची सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी वास नसतो, डोळे चुरचुरत नाहीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडत नाहीत. मुलगी बघायला येणारे, साखरपुडा, वास्तुशांत, पापड घालणं, सगळं आम्ही शुक्रवारी उरकतो. नवी सून लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी विचारते, हा वास कसला. तोवर तिच्या हातात काही राहिलेलं नसतं. मीही कितीतरी सुना अशाच आणल्या.

म्हणून माझ्या मुलाने पालिकेच्या साहेबांना जागा बघायला शुक्रवारी बोलावलं, त्यात त्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्याला दुसरा वार सुचलाच नसेल.

जागा आमची. पूर्वी तिथे भात व्हायचं. बाकीची शेतं कंपन्यांसाठी गेली, ही एक पट्टी राहिली. एका बाजूला रसायनाच्या कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला गोदाम, पुढे रस्त्याला गॅरेज आणि मागे आमचं घर. एका मास्तर नवराबायकोला तिथे शाळा काढायची होती, चौथीपर्यंत. तळमजल्यावर पाळणाघर. आजूबाजूच्या कंपन्यांत, दुकानांत कामाला जाणाऱ्या बायका पोरं ठेवायला जागा शोधतच होत्या. पण पालिकेच्या नकाशात ही पट्टी धंद्यांसाठी दाखवलेली. शाळेला वेगळी परवानगी लागणार होती. आणि सातबाऱ्यावर माझं नाव, म्हणून शाळेला जागा द्यायला माझी सही लागणार होती. मी चौथी शिकलेली आहे. अंगठा लावत नाही.

मला भीती वाटत होती. ती कशाची, हेही सांगते. काही वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या एका कंपनीत स्फोट झाला. मी अंगणात सुका जवळा निवडत बसले होते. आधी खालची जमीन उचलल्यासारखी झाली, मग आवाज आला. घराच्या सगळ्या काचा आत येऊन पडल्या. मी उठले आणि पळाले. रस्त्यावर आल्यावर कळलं की कुठे पळायचं हे कोणालाच माहीत नाही. पुढचे पळत होते म्हणून मागचे पळत होते. अर्धा गाव धुराच्याच दिशेने चालला होता. मला पाय होते, म्हणून मी निदान चुकीच्या दिशेला तरी पळू शकले. पाळण्यातलं पोर काय करणार?

मुलाला मी सांगितलं, "मी सही करनार नाय."

"आये, गोदामाला दिली असती तर केली असतीस ना?"

"केली असती. गोदामातली पोती मरत नाय."

तो रागाने चपला घालून निघून गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. मला अडवलं ते नातसुनेने. ती मूळची कोकणातली, इथेच एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. तिची मुलगी तेव्हा भिंत धरून चालायला शिकत होती आणि दिवसभर माझ्याकडे असायची. नातसून जेवताना शांतपणे म्हणाली, "आजी, परवा बाळ जिन्यापर्यंत गेली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"उठत होते."

"उठत होता. म्हणजे ती पोचली तरी तुम्ही उठतच होता."

"मग नोकरी सोड."

"सोडते. तुमच्या नातवाला सांगा, घर बांधायच्या कर्जाचा हप्ता एकट्याने भर." मग म्हणाली, "आणि आजी, आपलं घर कुठे आहे? त्याच भिंतीच्या मागे ना? तिथे बाळाला काही होईल आणि इथे होणार नाही, असं आहे का?"

तिचं खरं होतं. आम्ही तिथेच राहतो, तिथेच जेवतो, झोपतो. पण आपल्या घरचं एक पोर उचलून पळणं वेगळं आणि दुसऱ्यांची एवढी पोरं एका खोलीत कोंडून ठेवणं वेगळं, असं मला वाटायचं. मी ताटातला भात संपवला.

साहेब आले त्या शुक्रवारी हवा इतकी स्वच्छ होती की शेजारणीचे बोंबील तळल्याचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. साहेबांबरोबर एक माणूस टेप घेऊन होता. त्यांनी कंपनीच्या भिंतीपासून माप घेतलं, रस्ता मोजला, गोदामाकडे बघितलं. मुलाने खुर्च्या मांडल्या, चहा दिला. मास्तरीणबाई साडी नेसून आल्या होत्या. साहेब म्हणाले, "शांत आहे जागा." मुलगा हसला. मी ओट्यावर बाळाला धरून बसले होते. घरी आलेल्या माणसाला चहा पिताना वाकडं बोलायचं नाही, ही आमची रीत. पण या एका शुक्रवारच्या जिवावर हा माणूस इथे पोरं ठेवू देणार, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा सडक्या अंड्यांचा वास आला. कोंबड्या खुराड्यातून बाहेर येईनात. मी बाळाच्या नाकाला ओला पदर लावून खिडक्या लावल्या.

मग कळलं की ज्यांची हरकत असेल त्यांचं म्हणणं कल्याणला पालिकेत ऐकून घेणार आहेत. मी नातसुनेला म्हटलं, मला ने. मुलगा तिच्यावर ओरडला. ती म्हणाली, "बोलू दे की त्यांना. नाहीतर त्या सही करणार नाहीत, आणि मग तुम्ही मलाच बोलाल." आम्ही दोघी रिक्षाने गेलो.

तिथे आमच्याआधी गोदामवाला उभा राहिला. त्याची हरकत अशी की शाळेच्या बस उभ्या राहिल्या तर त्याचे ट्रक वळणार नाहीत. मग गॅरेजवाला. तो म्हणाला, "आज शाळा येईल, उद्या आया बोलतील आवाज होतो, धूर होतो. मग मीच उठायचं. मी आधीपासून आहे साहेब." गोदामवाला त्याला हळूच म्हणाला, "तुझ्या गॅरेजात पोरंच कामाला ठेव, मग शाळाच होईल ती." आजूबाजूचे हसले. जो तो आपल्या धंद्याला भीत होता. भिंतीपलीकडच्या टाक्यांचं कोणी नाव काढलं नाही.

माझी पाळी आली. मी उभी राहिले. एवढ्या माणसांत मी कधी बोलले नव्हते.

"साहेब, तुमी शुक्रवारी आलात," मी म्हटलं. "शुक्रवारी कंपन्या बंद असतात. मंगळवारी या, बुधवारी या. मग बोला शांत जागा हाय."

मला वाटलं, आता ते टेपवाल्याकडे बघतील, चिडतील. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आजी, मला माहीत आहे शुक्रवार. मी डोंबिवलीतच राहतो. माझी मुलगी याच हवेत शाळेत गेली."

"मग?"

"मग काय. अंतर मोजायचं असतं, ते नियमात बसतं. वास मोजायचा कागद माझ्याकडे नाही. ते खातं वेगळं."

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की यांना माहीत नाही, आपण सांगितलं की झालं. ज्याला माहीत नाही त्याला सांगता येतं. ज्याला सगळं माहीत आहे त्याला काय सांगणार? खरी भीती मला तिथे वाटली, स्फोटाच्या दिवशी वाटली नव्हती इतकी. नातसुनेने मागून माझा पदर ओढला, खाली बसा म्हणून.

साहेब म्हणाले, "तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. नको म्हणू नका, काय पाहिजे ते सांगा. ते मी घालू शकतो."

मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडात आलं ते बोलले. "मागनं एक दार ठेवा. आमच्या गावाच्या बाजूला. पोरं घेऊन पलायला. आनि भिंतीकडच्या खिडक्यांना काचा नकोत."

त्यांनी ते लिहून घेतलं. परवानगी आली तेव्हा त्या दोन्ही अटी तिच्यात होत्या. मुलाने वाचून दाखवल्या आणि माझ्यापुढे पेन ठेवलं. मी सही केली. आनंदाने केली नाही. शाळा झाली नाही तर तिथे दुसरी कंपनी येईल, आणि बाळ जिन्यापर्यंत जाताना मी उठतच राहीन, हे मला कळत होतं.

पुढच्या जूनला शाळा सुरू झाली. नातसून सकाळी बाळाला सोडायची. मी पाठोपाठ जायची ते मागचं दार बघायला. पहिले काही दिवस नुसती कडी असायची. एका सकाळी गेले तर कुलूप.

वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "कुत्री शिरतात आजी."

"चावी?"

"ऑफिसात. वरच्या मजल्यावर."

मी मास्तरीणबाईंकडे गेले. त्या गोड बोलल्या, बघते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कुलूप नव्हतं, तिसऱ्या दिवशी परत होतं. मुलगा म्हणाला, "आये, तू रोज जाऊन कुलूप चाचपतेस. लोक हसतात." मी म्हटलं, हसून झालं की चावी आणून द्यायला सांग त्यांना.

मग मला ताप आला आणि मी आठवडाभर अंथरुणात होते. नातसुनेला सांगितलं, दार बघत जा. ती बाळाच्या पायात बूट घालत होती. "बघते," म्हणाली. रोज संध्याकाळी विचारलं की म्हणायची, उघडं होतं. ती सकाळी घाईत असते, ते मला माहीत आहे.

बरं वाटल्यावर मी दुपारी गेले. कुलूप होतं. आत पोरं जेवून झोपलेली, आमचं बाळही त्यांच्यात. वास येत होता, फार नाही, रोजच्यासारखा. मी वॉचमनला हाक मारली आणि चावी आणायला पाठवलं. तो कुरकुरत वर गेला. वर मास्तरीणबाई कोणाशी तरी बोलत होत्या, तो ते संपायची वाट बघत उभा राहिला असणार. मी दाराचे गज धरून उभी होते. तो जिना उतरून येईपर्यंत मी भिंतीपलीकडचा एकेक आवाज ऐकत होते.