गोजरबाईचा मोगरा

“तुळस तं घरी हायेच. मला मोगरा दाखिव, डबल पाकळीचा.”

“गोजरे, मोगरा कशाला?” चतुराबाईनं कोपर मारलं. “गवती चहा घे. त्यालाबी वास असतो.”

“चहा प्यायला असतो, जाऊबाई. डोक्यात घालीत न्हाई कोनी.”

नर्सरीवाला राधेश्याम हसू दाबून पाइपाकडं बघायला लागला. गोजरबाई आमच्या धावडा गावची. नवरा गेल्यावर अंबडला आली, एक खोली घेतली अन भाकरी थापून विकायला लागली. चतुराबाई तिची थोरली जाऊ. नवऱ्यामागं बाईनं फूल माळू न्हाई, ही रीत तिला पक्की पाठ.

“मावशी, ऊन किती येतं?” राधेश्यामनं विचारलं.

“समोरच्या फरशीवर दिवसभर. पाय ठिवू देत न्हाई.”

“मंग मोगरा बराबर. निशिगंधाचे कांदे घ्या. मरव्याला मात्र सावली लागन. रातरानी राहू द्या, ती डब्यात मावत न्हाई.”

घरी आल्यावर मरवा मोरीच्या भिंतीआड गेला. मोगऱ्याला तेलाचा डबा, निशिगंधाला रंगाची बादली. बुडाला भोकं तापल्या सळईनं पाडली. चतुराबाई जाताना म्हणाली, “फुलं देवाला वाहा, म्हंजे झालं.”

गोजरबाईनं नुसती माती दाबली.

उन्हाळ्यात मोगरा असा लगडला, की भाकरी न्यायला आलेले लोक फरशीवरच रेंगाळायचे. एका सकाळी चतुराबाई टोपलं घेऊन आली.

“आमच्या पोरीची, आकांक्षाची उद्या हळद हाये. कळ्या दे सगळ्या. अन तू जरा उशिरानं ये, जेवायला. हळद लावायचं काम सवाशिणीचं.”

“म्हंजे माझा मोगरा चालतो, मी चालत न्हाई?”

“फुलाचा काय दोष, बाई?”

“अन माझा?”

चतुराबाई टोपल्याची काडी मोडत बसली. गोजरबाईनं कळ्या खुडल्या. तिच्यादेखत दोऱ्यात गुंफल्या अन अंबाड्यावर पिना खोचून गजरा घट्ट बसवला.

“उद्या मी हळदीच्याच टायमाला येनार. असाच गजरा माळून. पोरीच्या गालाला हळद लावनार. चालत आसंल तं उद्याच्या कळ्या तुमच्या. न्हाई तं हारवाला हायेच की बाजारात.”

“लई तोंडाळ झालीस तू!”

“झाले.”

चतुराबाई रिकामं टोपलं घेऊन पायरी उतरली.

“मावशी, वीस भाकरी जल्दी,” मेसवाल्यानं दारातून हाक दिली. त्याची नजर गजऱ्यावर गेली अन तिथंच अडकली.

“काय बघून राह्यलास? डबा इकडं दे.”

तवा तापला होता. गोजरबाईनं पिठात पाणी ओतलं अन गोळा मळायला घेतला.