त्याचा खांदा मी नाकारला

बाबा गेल्याची बातमी मला विलासनं दिली, हे मला अजून पचलेलं नाही. मी बुलढाण्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात फोन आला. "ताई, बाबा गेले," एवढंच तो बोलला. त्या वाक्यातले दोन शब्द त्यानं आमच्या घरातून चोरलेले होते. मला ताई म्हणणारा माझा धाकटा भाऊ सुनील या विलासमुळे मेला, आणि बाबांना बाबा म्हणायचा हक्क सुनीलनंतर माझ्या एकटीचा होता. वडील गेल्याचं रडू यायच्या आधी मला त्याचा राग आला. बाबांना जाऊन आता काही आठवडे झाले आहेत. राग आहे तिथंच आहे, आणि हा लेख मी तो सोबत घेऊनच लिहिते आहे.

माझ्या वडिलांचं नाव देवदान. आमच्या गावी, उंद्रीत, आणि आसपासच्या गावांत ते देवदान ड्रायव्हर म्हणूनच माहीत होते. सारा जन्म एसटी चालवली. बोलणं थोडं, आवाज खालचा. रविवारी चर्चमध्ये पोरांना गोष्टी सांगायचे, तेव्हा मात्र खुलायचे. आई आम्ही शिकत असतानाच गेली. त्यानंतर बाबांनी माझ्या वेण्या घातल्या नाहीत एवढंच, बाकी सगळं आईसारखं केलं. विलास हा त्यांच्या मित्राचा मुलगा, आमच्याच चर्चच्या मंडळीतला. त्याचा बाप लवकर वारला, म्हणून बाबांनीच त्याला गाडी शिकवली. पडीक शेतात जुनी जीप घेऊन जायचे आणि पहिल्या दिवशी गिअर नाही, ब्रेक नाही, आधी एक गोष्ट सांगायचे, "आपल्या हातून कोणाले लागलं, तं पयले खाली उतराचं. मंग जे व्हाचं ते होऊ दे." हे मी कानांनी ऐकलेलं आहे. विलासनंही ऐकलं होतं.

सुनील चिखलीला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता. हिवाळ्यात संध्याकाळी मोटारसायकलवर घरी येताना, गावाच्या अलीकडच्या वळणावर एका गाडीनं त्याला उडवलं आणि ती गाडी निघून गेली. बऱ्याच वेळानं दूध घेऊन येणाऱ्या एका माणसाला तो दिसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं, लवकर आणलं असतं तर... पुढचं ते बोलले नाहीत, पण मी ते वाक्य रोज पूर्ण करत आले. गाडी कोणाची ते कळलं नाही. अंत्यविधीला सारं गाव होतं. सुनीलच्या पेटीला पुढच्या बाजूनं बाबांच्या शेजारी ज्यानं खांदा दिला, तो विलास होता. तो इतका रडत होता की मीच त्याला पाणी दिलं. नंतर आमच्या घरी बसून तो जेवलाही.

दोन पावसाळे गेले. बाबांच्या एक गोष्ट लक्षात आली होती, ती त्यांनी मला नंतर सांगितली. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं तबक विलासपुढं आलं की तो भाकरी न घेताच ते पुढं सरकवायचा; मनात पाप लपवून ती खायची नसते. बाबांनी विचारलं नाही. मग एका उन्हाळ्याच्या दुपारी तो आपणहून घरी आला आणि बाबांच्या पायाशी बसला. मालकाची भाजीची पिकअप तोच चालवत होता. दारू प्यालेला होता. गाडी थांबवून तो खाली उतरलाही होता. सुनील जिवंत होता... आणि तो परत गाडीत बसला होता. हे सगळं सांगून तो म्हणाला, "बाबा, तुम्ही माफ करा. तुम्ही माफ केलं मंजी देवानं केलं." बाबा म्हणाले, "मी माफ कराचं का नाही, ते मंग पाहू. पयले ठाण्यात चाल." गावातून दोघं एकाच बसनं गेले, एकाच बाकड्यावर बसून. मला फोन ठाण्यातून आला.

बाबा मवाळ होते असं कोणी म्हटलं की मी ही बस आठवते. पश्चात्तापाचं रडणं त्यांनी घरात चालू दिलं नाही. पाप जिथं लोकांपुढं मांडावं लागतं, तिथं ते त्याला हाताला धरून घेऊन गेले. इथपर्यंत मी त्यांच्या बरोबर होते. माझं त्यांचं फाटलं ते पुढं.

विलासनं कोर्टात गुन्हा कबूल केला. प्रत्येक तारखेला मी रजा टाकून जायचे, त्याच्या समोर बसायचे. त्यानं माझ्याकडं पाहावं म्हणून बसायचे, पण तो मान वर करायचा नाही. शिक्षा झाली ती मला थोडी वाटली. कोर्टाच्या आवारात बाबांना मी म्हटलं, "त्याले फाशी द्यायले पायजे होती." बाबा आपल्या दोन्ही हातांकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "मलेही वाटते, माय. या हातानं त्याचा गळा दाबावा. रोज सकाळी उठलो का वाटते."

"मग?"

"मंग मी देवाले म्हणतो, हे घे. हे माह्याच्यानं ठेवून होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा माह्यापाशी येऊन बसते."

मला ते उत्तर आवडलं नाही. मला ते ठेवून होत होतं, आणि देवाकडं द्यायची माझी इच्छाही नव्हती.

बाबा तुरुंगात त्याला भेटायला जाऊ लागले. उंद्रीहून बसनं बुलढाण्याला यायचे, आधी त्याला भेटायचे आणि मग माझ्या घरी. एकदा दुपारी ते आले. पाट मांडला होता, त्यांच्या आवडीची मेथीची भाजी केली होती. मी विचारलं, "त्याले भेटून आले का?" ते म्हणाले, "हाव." मी ताट उचललं. "तिथं जाऊन आलेल्या माणसाले माझ्या घरी जेवण नाही." बाबा उठले. अंगणातल्या नळावर पाणी प्यायले आणि स्टँडकडं निघाले. उन्हात त्यांची पाठ लहान होत गेली. मी दारातून पाहत होते, आणि मला वाईट वाटलं नाही. त्या दिवशी निदान एकाला तरी माझ्या मनातलं समजलं, असं वाटलं.

त्याच सुमारास आमच्या चर्चच्या पाळकांनी उधळ्या मुलाच्या गोष्टीवर उपदेश केला. बाप लांबूनच पाहतो, धावत जातो, पोराच्या गळ्यात पडतो... मंडळी डोळे पुसत होती. मी मध्येच उठून बाहेर आले. त्या गोष्टीतल्या धाकट्यानं बापाची मिळकत उधळली. आमच्या उधळ्यानं माणूस मारला होता. आणि मोठं भावंड? ते दिवसभर शेतात राबून घरी येतं, आत वाजतगाजत असतं, आणि ते अंगणात उभं राहतं. बाप बाहेर येऊन त्यालाही समजावतो, पण पुढं ते आत गेलं की नाही, हे गोष्टीत सांगितलेलंच नाही. मी सांगते. ते गेलं नाही.

सुटून आल्यावर विलासच्या सख्ख्या भावानं त्याला दारात उभं केलं नाही. बाबांनी त्याला घरी आणलं. समोरच्या खोलीत, जिथं सुनील झोपायचा, तिथं त्याची वळकटी पडली. हे कळल्यावर मी उंद्रीला जाणं सोडलं. बाबा दर रविवारी फोन करायचे. त्याचं नाव ते घ्यायचे नाहीत, मी विचारायचे नाही.

मग त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी गाडी करून त्यांना आणायला गेले. ते मान हलवत राहिले. "इथंच," म्हणाले. मी जितका वेळ आत होते, तितका वेळ विलास बाहेर रस्त्यावर उभा होता. चादर धुतलेली होती, दाढी केलेली होती, नखं कापलेली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर एक जखम नव्हती. दुसरी कोणी मुलगी हे पाहून सुखावली असती. मला वाटलं, हे हात जर एवढं करू शकतात, तर त्या संध्याकाळी काऊन नाही केलं? मी बाबांना वरणभात भरवला. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, लहानपणी ड्युटीवर जाताना ठेवायचे तसा. तीच आमची शेवटची भेट.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चमधून पेटी उचलायची वेळ आली. चार जण पुढं झाले, त्यांत विलास होता. मी मध्ये जाऊन उभी राहिले. "तू नाही. आमच्या घरची पेटी तू एकदा उचललीस, तेवढं पुरे." मोठ्यानं बोलले नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. पाळक हळूच म्हणाले, "बाई, आजच्या दिवस..." मी हलले नाही. विलास मागं सरला. त्याच्या जागी मी स्वतः खांदा दिला. आमच्याकडं बायका सहसा देत नाहीत. कब्रस्तानापर्यंत तो सगळ्यांच्या मागं, अनवाणी चालत आला. त्यानं माती टाकली की नाही, ते मी पाहिलं नाही. या गोष्टीचं मला आजही काही वाटत नाही. ती जागा माझी होती, मी घेतली.

पंधरवड्यानंतर मी घर रिकामं करून कुलूप लावायला गेले. खरं तर त्याला बाहेर काढायला गेले. वाटेत बसमध्ये काय काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं. दार उघडं होतं, घर झाडलेलं होतं आणि विलास उंबऱ्यापाशी बॅग भरून बसला होता. "तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो, ताई. निंगतो," म्हणाला. ठरवलेलं सगळं बोलणं वाया गेलं. तो वाटेला लागणार तेवढ्यात माझ्या तोंडून प्रश्न निघाला. इतक्या तारखांना समोर बसूनही तो मी कधी विचारला नव्हता. "तू खाली उतरला होतास ना? मग सुनील काही बोलला का?"

त्यानं बॅग खाली ठेवली.

"अंधार होता. त्यानं मले ओळखलं नाही. कोणीतरी जवळ आलं एवढंच त्याले समजलं. 'बाबा' म्हने. मंग अजून एकदा म्हने. त्याले वाटलं, बाबा आले."

"अन् तू?"

"मी भेलो. गाडीत बसलो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. जोरात, इतक्या वर्षांची. त्यानं हात वर केला नाही.

"हे बाबांना माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी सांगतलं. ते उठून आत गेले. लय वेळ आले नाहीत. मले वाटलं, काही हत्यार घेऊन येतात. मी बसून राह्यलो, येऊ दे म्हटलं. मंग ते आले. शर्ट बदलेल होता. 'चाल' म्हने." त्यानं बॅग परत उचलली. "ठाण्यात मले आत घेऊन चालले तवा बोलले. माह्या पोरानं हाक मारली तवा मी नव्हतो, म्हने. तू मारशील तवा येईन."

मी सुनीलच्या खोलीत जाऊन बसले. माझ्या दारातून जेवल्याशिवाय परत गेलेला माणूस हे पोटात घेऊन चालत होता, आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता. सांगितलं असतं तर मी विलासचा जीव घेतला असता, हे त्यांना माहीत असावं. देवाला बाप म्हणायला आम्हाला बोलता येऊ लागल्यापासून शिकवतात. मी ते हजारदा म्हटलं असेल. ज्याच्या पोटच्या पोराची हाक वाया गेली, तो त्या हाकेला पाठ फिरवणाऱ्याच्या हाकेवर उठून जातो, असा बाप कसा असतो ते मात्र मी त्या खोलीत बसून पहिल्यांदा मोजत होते. आणि खरं सांगते, तो बाप मला त्या क्षणी आवडला नाही. मला फक्त सुनीलचा बाप हवा होता.

भिंतीवर खिळ्याला एक किल्ली होती. समोरच्या घरच्या काकांची गाडी. काकांना आता नीट दिसत नाही. गल्लीत कोणी आजारी पडलं की बाबा ती गाडी काढून चिखलीला न्यायचे, लकवा होईपर्यंत. मी विचारलं, "आता कोण नेतं?"

"कोणी नाही. मी स्टेअरिंग सोडलं, ताई. त्या दिवसापासून हात लावला नाही. शपथ घेतली."

तेव्हा मला हवं होतं ते सापडलं. मी किल्ली काढून त्याच्या हातात दिली. "कोणाच्या सांगण्यावरून घेतली ही शपथ? गाडीले हात लावणार नाही म्हटलं की सुटलास का तू? बॅग आत ठेव. इथंच राहायचं, या खोलीत, सुनीलच्या फोटोखाली. फोटो काढायचा नाही. अन् कोणी हाक मारली की गाडी काढायची. दिवस असो, रात्र असो."

त्याच्या तोंडावरचा रंग गेला. मला बरं वाटलं. "माझ्याच्यानं नाही होणार," तो म्हणाला. मी म्हटलं, "बाबांच्यानं झालं." आणि आणलेलं कुलूप पिशवीत तसंच घेऊन स्टँडवर आले.

लोक याला क्षमा म्हणतील. पाळकांनी तर म्हटलंच. मी माझ्या मनातलं लिहून ठेवते, ती शिक्षा होती. सर्वांत कठीण शिक्षा मी शोधून काढली आणि त्याला दिली. ती देताना बाबांचा आवाज माझ्या आवाजात कुठून आला, ते मला सांगता येणार नाही.

परवा दुपारी विलासचा फोन आला. समोरच्या काकूंच्या छातीत दुखू लागलं होतं. त्यानं गाडी काढली, चिखलीच्या दवाखान्यात नेलं. त्याच वळणावरून नेली, म्हणाला. काकूंना दाखल केलं आहे, काकांना घेऊन दुसरं कोणीतरी मागून येत आहे. मी विचारलं, "तू कुठं आहेस?"

"दवाखान्यातच. काकूंच्या पलंगापाशी."

"थांब मग तिथंच," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.