एक मजला, सलग चार खोल्या

"मॅडम, आम्हाला चार वेगवेगळ्या मजल्यांवर टाकलंय."

क्वालालंपूरच्या हॉटेलच्या लॉबीतून प्रधानसाहेब बोलत होते. फोन स्पीकरवर होता, कारण मागून देवधर, मोहिते आणि साळवी या तिन्ही कुटुंबांचे आवाज येत होते. असं कसं झालं, आम्ही तर स्पष्ट सांगितलं होतं, पंधरा दिवस आधी सांगितलं होतं. तिथे दुपारचे तीन वाजले होते, दुबईत, करामातल्या आमच्या ऑफिसात, सकाळचे अकरा.

मी "बघते सर" म्हटलं आणि टेबलावरच्या माझ्या दुसऱ्या मोबाइलकडे पाहिलं. त्यात याच मंडळींचे चार मेसेज होते. चारही घरांतून एकेक. चौघांचं मागणं एकच होतं, की आम्हाला बाकीच्यांपासून लांबची खोली द्या. आणि चारही मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं, कोणाला सांगू नका.

मी बावीस वर्षं दुबईत ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. ग्रुप डेस्क सांभाळते, म्हणजे दहा-वीस माणसं एकत्र फिरायला निघाली की त्यांचं विमान, हॉटेल, बस, जेवण हे सगळं माझ्याकडे. त्यातलं सर्वांत नाजूक काम म्हणजे रूमिंग लिस्ट. कोणाला कुठली खोली, याची यादी. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं. ज्याने कधी लग्नाची पंगत बसवली असेल त्याला विचारा.

ही चार कुटुंबं करामातल्या एकाच जुन्या बिल्डिंगमध्ये राहतात. सोळा-सतरा वर्षांचा शेजार. मुलं शिकायला बाहेर गेली, तेव्हा आठ जणांनी मिळून सहल काढायचं ठरवलं. प्रधानसाहेब पुढारी. गणपतीची वर्गणी असो की लिफ्टची तक्रार, पुढे तेच असतात. माझ्या काउंटरवर सगळ्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, एकच अट. एक मजला, सलग चार खोल्या. दारं उघडी टाकायची आणि गप्पा मारायच्या." बाकीच्या सात माना जोरात हलल्या. मी तसं लिहून घेतलं.

त्याच दुपारी पहिला मेसेज आला. विद्या देवधरांचा. मोहित्यांच्या शेजारची खोली नको, कारण मोहिते पहाटे पाचला उठून मोठमोठ्याने आकडे मोजत उड्या मारतात. सतरा वर्षं ती भिंत सहन केली, निदान सुट्टीत नको. संध्याकाळी मोहित्यांचा आला. देवधर शेजारी नकोत, कारण ते "सहज डोकावलो" म्हणून येतात आणि जेवूनच जातात. दुसऱ्या दिवशी साळवींचा. त्यांना संध्याकाळी एक बिअर लागते. बिल्डिंगमध्ये सर्वांना वाटतं त्यांनी कधीच सोडली. घरी माहीत आहे, पण बाकी कोणाला कळता कामा नये.

चौथा मेसेज प्रधानवहिनींचा होता. त्यांनी लिहिलं होतं, "अलकाताई, खोलीत किटली असणार. किटली असली की सगळे आमच्याकडे चहाला येणार. घरी मी रोज आठ कप करते. चार दिवस मला दोनच कप करायचेत. ह्यांना यातलं काही माहीत नाही."

आता यात मी काय करायला हवं होतं ते तुम्हीच सांगा. देवधर नवव्या मजल्यावर, मोहिते चौदाव्या, साळवी सतराव्या आणि प्रधान एकविसाव्या. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

त्या वर्षी माझ्या नावावर आधीच दोन कम्प्लेंट होत्या. एक विमान रद्द झाल्याची आणि एक बेटावर पाऊस पडल्याची. आमचे बॉस थॉमससाहेब केरळचे, माणूस भला, पण नियमाचा पक्का. वर्षात तीन कम्प्लेंट झाल्या की ग्रुप डेस्क सुटतो आणि व्हिसाच्या काउंटरवर फॉर्म टाइप करायला बसवतात. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी लोकांच्या वडिलांचं नाव आणि पासपोर्टचा नंबर टाइप करत बसायची माझी मुळीच इच्छा नव्हती. माझ्या डेस्कवर माझा जीव आहे.

लॉबीतून फोनवर प्रधानसाहेब म्हणाले, हॉटेलला विचारून बघा. मी त्यांना थांबवून हॉटेलला फोन लावला. रिसेप्शनच्या मॅनेजर मिस लिम माझ्या जुन्या ओळखीच्या. मी नाराजीच्या सुरात विचारलं, एका मजल्यावर चार खोल्या नसतीलच ना?

"कॅन, मॅडम, कॅन," मिस लिम आनंदाने म्हणाल्या. अकराव्या मजल्यावर सलग चार खोल्या नुकत्याच रिकाम्या झाल्या होत्या. बावीस वर्षांत मला हव्या तेव्हा सलग चार खोल्या कधी मिळाल्या नाहीत.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. त्याच लॉबीत, प्रधानसाहेबांच्या पाठीमागे उभं राहून तिघांनी मेसेज केले होते. प्लीज नाही म्हणा. वहिनींनी नुसते जोडलेले हात पाठवले होते.

मी मिस लिमना सांगितलं की मला त्या खोल्या नको आहेत आणि कोणी विचारलं तर हॉटेल फुल आहे असं सांगा.

"बट आय हॅव, मॅडम."

"आय नो. प्लीज डोन्ट हॅव."

मिस लिम "ओके" म्हणाल्या. हॉटेलच्या धंद्यातली माणसं फार प्रश्न विचारत नाहीत. मग मी प्रधानसाहेबांना सांगितलं की हॉटेल फुल आहे, चूक माझी आहे, माफ करा. स्पीकरवर चारही कुटुंबं माझ्यावर चिडली. सर्वांत जास्त आवाज साळवींचा होता.

पुढचे दोन दिवस शांततेत गेले. बाटू केव्ह्जच्या दोनशे बहात्तर पायऱ्या मंडळी एकत्र चढली आणि जुळ्या मनोऱ्यांसमोर एकत्र फोटो काढले. दुबईत राहणाऱ्या माणसाला उंच इमारत बघायला विमानाने का जावं लागतं हे मला अजून कळलेलं नाही, पण प्रत्येक जण जातो. तिसरा दिवस मोकळा होता. आमच्या भाषेत फ्री डे, म्हणजे बस नाही, गाइड नाही, ज्याने त्याने आपापलं बघायचं.

फ्री डेच्या आदल्या दिवशी पुन्हा मेसेज. देवधरांचे गुडघे दुखत होते असं त्यांनी ग्रुपला सांगितलं होतं आणि मला विचारलं होतं, कुठे जाऊ? मोहित्यांना कोणा ओळखीच्यांकडे जायचं होतं असं त्यांनी ग्रुपला सांगितलं होतं, आणि मला तेच विचारलं होतं. साळवींचं पोट बिघडलं होतं. सगळेच बाद झाल्यामुळे प्रधानसाहेब बिचारे हिरमुसले, तेव्हा वहिनींनी लिहिलं की आम्हा दोघांसाठी काहीतरी सुचवा.

मी शहराचा नकाशा समोर घेतला आणि जिद्दीने चार वाटण्या केल्या. देवधर पक्ष्यांच्या बागेत. मोहिते टेकडीवरच्या सहा मजली चिनी देवळात. साळवी चायना टाउनच्या बाजारात. प्रधान राष्ट्रीय म्युझियममध्ये. कोणाची वाट कोणाला आडवी जाणार नाही अशी वेळापत्रकं करून चौघांना पाठवली.

फक्त एक चूक झाली. दुपारच्या जेवणाची ओळ मी कॉपी-पेस्ट केली. ब्रिकफील्ड्स ही भारतीय वस्ती, केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण, दीड वाजता गर्दी कमी असते.

आमच्या ऑफिसात साडेनऊ वाजून गेले होते. माझा पहिला चहा संपला नव्हता, तोच फोन आला. पुन्हा प्रधानसाहेब, पुन्हा स्पीकर. मागे ताटवाट्यांचा आवाज. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही इथे जेवायला बसलो, तर दारातून गुडघे दुखणारे देवधर चालत आले. मागोमाग मोहिते. आणि पोट बिघडलेले साळवी आमच्याही आधीपासून कोपऱ्यात बसून तिसऱ्यांदा भात घेत होते. हे काय चाललंय?"

मी काही बोलायच्या आत विद्या देवधर मागून म्हणाल्या, "आम्ही झोपणारच होतो, मॅडमनी पाठवलं." मोहित्यांनाही मॅडमनीच पाठवलं होतं. साळवींनी तर सांगितलं की पोटाला भात बरा असं मॅडम म्हणाल्या. मग ते थाळीचे रिंगिट दिरहममध्ये आणि दिरहम रुपयांत करून महाग की स्वस्त हे मोठ्याने ठरवायला लागले, म्हणजे विषय बदलला.

प्रधानसाहेबांचा नाही बदलला. त्यांनी संध्याकाळी थॉमससाहेबांना ईमेल पाठवली. आधी मजले वेगळे केले, मग फिरायला वेगळं पाठवलं, तुमच्या एजंट आमचा ग्रुप फोडत आहेत. खाली चारही कुटुंबांची नावं होती.

थॉमससाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मॅडम, ये थर्ड कम्प्लेंट है. आप कुछ बोलेंगे?"

मी म्हटलं, कुछ नहीं. त्यांनी सोमवारपर्यंत वेळ दिली. सोमवारी क्लायंटशी बोलून ठरवू, कम्प्लेंट खरी असेल तर मॅडमचा डेस्क जाईल, असं त्यांनी चारही घरांना ईमेलने कळवलं.

घरी येऊन मी लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, जस्ट सेंड द स्क्रीनशॉट्स." तिचं बरोबर होतं. चार मेसेज पुढे केले असते तर माझा डेस्क वाचला असता. पण त्या बिल्डिंगमध्ये एकमेकांच्या घराच्या किल्ल्या एकमेकांकडे असतात. साळवींना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं तेव्हा महिनाभर डबा मोहित्यांकडून जात होता, हे मला ठाऊक होतं. मी स्क्रीनशॉट काढले, बघितले आणि पुसून टाकले. त्या दोन दिवसांत मी खूप घाबरले होते, हे कबूल करते.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या प्रधानवहिनी आल्या, एकट्याच. माझ्याकडे न बघता थेट केबिनमध्ये गेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा डोळे ओले होते. मला म्हणाल्या, "मी सांगून टाकलं त्यांना. तुमची काही चूक नाही म्हटलं. पण अलकाताई, ह्यांना कळू देऊ नका." मग म्हणाल्या, "ह्यांनी चारही दिवस स्वतः चहा केला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. साखर जास्त पडत होती, पण मी बोलले नाही."

अर्ध्या तासाने मोहिते आले. तेही केबिनमध्ये. ते लिफ्टने खाली गेले आणि विद्या देवधर जिन्याने वर आल्या. जेवणाच्या सुट्टीत साळवी आले. मी माझ्या जागेवर बसून कोण कोणाला दिसेल याचा हिशेब करत होते आणि मधल्या वेळात त्यांना पाणी देत होते.

चार वाजता थॉमससाहेब केबिनबाहेर आले. त्यांचा चेहरा दमलेला होता.

"चार लोग आये. चारों ने एक ही बात बोली, और चारों बोले किसी को मत बताना. अब मैं फाइल में क्या लिखूँ?"

मी म्हटलं, "लिखिए, क्लायंट सॅटिस्फाइड."

त्यांनी तसंच लिहिलं. मात्र प्रधानसाहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे मला त्यांची रीतसर माफी मागावी लागली. त्यांनी मोठ्या मनाने मला माफ केलं. चुका होतात, पुढच्या वेळी लक्ष ठेवा, असंही सांगितलं. मी लक्ष ठेवीन म्हटलं.

डेस्क राहिला. या प्रकारातून मी एवढंच शिकले की ग्रुप टिकवायचा असेल तर खोल्या लांब द्याव्यात, दोष एजंटने घ्यावा आणि जेवणाची ओळ प्रत्येकासाठी नव्याने टाइप करावी. याचं कुठलंही ट्रेनिंग आमच्या धंद्यात देत नाहीत.

यंदा तीच मंडळी हनोईला निघाली आहेत. गेल्या आठवड्यात आठही जण काउंटरवर आले. या वेळी प्रधानसाहेबांनी अट कागदावर लिहून आणली होती, एक मजला, सलग चार खोल्या, आणि खाली आठ सह्या. मला बजावलं, "मॅडम, गेल्या वेळसारखं नको." सात माना जोरात हलल्या.

मंडळी गेल्यावर थॉमससाहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढून विचारलं, "मॅडम, मेसेज आया?"

आला होता. या वेळी पहिला मेसेज खुद्द प्रधानसाहेबांचा होता. "मॅडम, शक्य असेल तर आम्हाला जरा वरचा, वेगळा मजला बघा. गेल्या वेळी सकाळी खिडकीत दोघंच चहा घ्यायचो, बरं वाटायचं. हिला सांगू नका, तिला सगळ्यांच्यात राहायला आवडतं."

मी रूमिंग लिस्ट उघडली आणि प्रधानांपुढे पंधरावा मजला टाइप केला. मग थॉमससाहेबांना यंदाची कम्प्लेंट साधारण कुठल्या तारखेला येईल, ते सांगून ठेवलं.