कॅनडाच्या नीतिमत्तेवर मी लिहिलेला लेख

आयुष्यात मी एकच लेख लिहिला आणि त्याने माझ्या धाकट्या बहिणीची नोकरी गेली. त्या लेखातल्या दोन्ही देशांशी माझा काडीचाही संबंध नव्हता. मी सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, पासपोर्ट भारतीय, आणि लिहीत होतो अमेरिकेतल्या प्रायमरींवर आणि कॅनडातल्या पुढाऱ्यांच्या नीतिमत्तेवर.

हा नाद कसा लागला ते सांगायला हवं. इथे नवीन आलो तेव्हा जुन्या मराठी मंडळींनी भाड्याचं घर, मुलीची शाळा, कढीपत्ता कुठे मिळतो वगैरे सांगितलं आणि जाता जाता बजावलं की इथल्या राजकारणावर अवाक्षर काढायचं नाही, आपण पाहुणे. भारतातल्या राजकारणावर बोलावं तर मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रक्तपात. शिवाय तिथे मला बोलायला तोंडच नव्हतं. पुण्यात असताना महापालिकेच्या मतदानाची सुट्टी मिळाली की मी लोणावळ्याला जायचो. ज्या देशात मत होतं तिथे दिलं नाही, ज्या देशात राहतो तिथे मत नाही. मग आतली सगळी वाफ अमेरिकेवर निघायची. अमेरिकेला शिव्या घातल्या तर कुणाच्याच पोटात दुखत नाही.

२०१६ साली हे वेड टोकाला गेलं. पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला तिथे राज्याराज्यांत आधी प्रायमरी होतात. मंगळवारी तिथे मतदान झालं की निकाल आमच्या बुधवारी सकाळी येत. वुडलँड्सला एमआरटी पकडायची, जुराँग ईस्टला गाडी बदलायची, बुओना व्हिस्टाला उतरायचं, आणि या सगळ्या वेळात मान एकदाही वर न करता फोनमध्ये बघत राहायचं. कुठल्या काउंटीत किती टक्के मतमोजणी झाली हे मला पाठ असायचं. आमच्या ब्लॉकखालच्या दुकानदाराचं नाव मात्र दहा वर्षांत विचारलं नव्हतं.

माझा एक उमेदवार ठरला होता. कोण ते आता सांगण्यात अर्थ नाही. तो हरायला लागला तसा मी बिघडत गेलो. दुसऱ्या बाजूला मत देणारा प्रत्येक माणूस मला विकला गेलेला वाटायचा. ऑफिसात शेजारी बसणारा चिनी सहकारी एकदा माझा चेहरा बघून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, “यू कॅन व्होट मेह?” मी म्हटलं, नाही. “देन व्हाय सो अँग्री?” मी त्याला मनातल्या मनात उथळ ठरवून मोकळा झालो. घरी बायको म्हणाली, “आयोवात कुणाला किती मतं पडली यावरून तू आज पोरीवर ओरडलास.” तेही खरं होतं. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती आणि मी घरात आलो की आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

तिकडच्या उन्हाळ्यात माझा उमेदवार रीतसर हरला. घरात सुतक असल्यासारखा मी आठवडाभर वावरलो. आता मला कुणीतरी चोर पाहिजे होता, अगदी हातात सापडेल असा.

तो मला बहिणीच्या फोनमध्ये सापडला. बहीण व्हँकुव्हरजवळ राहते. तिकडे खासदारांची मतदारसंघात छोटी कार्यालयं असतात. लोक व्हिसाची, पेन्शनची, नागरिकत्वाची अडलेली कामं घेऊन तिथे जातात. अशाच एका कार्यालयात ती समोरच्या टेबलावर बसायची. आमच्या रविवारी सकाळी, तिच्या शनिवारी संध्याकाळी, आमचा फोन ठरलेला. लहानपणापासून तिला काही खुपलं की ती आधी मला सांगायची. आईलासुद्धा नाही. दहावीत नापास व्हायची भीती, नवऱ्याशी झालेलं पहिलं भांडण, सगळं आधी माझ्याकडे यायचं.

त्या रविवारी ती म्हणाली, “दादा, मला दोन गठ्ठे करायला सांगितलेत.” पक्षाच्या निधीसाठी झालेल्या जेवणावळीची तिकिटं ज्यांनी घेतली होती, त्यांच्या नातेवाइकांच्या व्हिसाच्या फायली एका गठ्ठ्यात. बाकीच्या दुसऱ्या. पहिल्या गठ्ठ्याला खासदाराचं शिफारसपत्र त्याच आठवड्यात, दुसऱ्याला जमेल तेव्हा. “कुणी असं स्पष्ट बोललं नाही रे. नुसतं म्हणाले, हे आपले मित्र आहेत. मला झोप लागत नाहीये. तू कुणाला सांगू नकोस.”

मी म्हटलं, छे, कुणाला सांगणार. आणि फोन ठेवला तेव्हा मला आनंद झाला होता. हे लिहायला जड जातंय, पण झाला होता. तिची झोप उडाली होती आणि मला माझा चोर मिळाला होता.

नेमका त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळातल्या एका काकांचा फोन आला. ते दिवाळी अंकाचं संपादन करायचे. सिंगापूरच्याच ईस्ट कोस्ट भागातल्या त्यांच्या कॉन्डोत दरवर्षी अंकाची बैठक व्हायची आणि दरवर्षी पाककृती आणि प्रवासवर्णनं सोडून त्यांच्याकडे काही यायचं नाही. म्हणाले, “तुम्ही मंडळाच्या ग्रुपवर एवढं तावातावाने लिहिता, जरा नीट बसून लिहा की.” मी बसलो. तीन रविवार वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, कोपीचे म्हणजे इथल्या कॉफीचे कप समोर ठेवून लिहिलं. अमेरिकेतली लबाडी उघड असते आणि कॅनडातली सभ्य, असा माझा सिद्धांत. पहिल्या अर्ध्यात प्रायमरींचे वाभाडे, दुसऱ्या अर्ध्यात सभ्य कॅनडाचे.

सिद्धांताला पुरावा हवा. मी तिचे दोन गठ्ठे घातले.

अगदी बिनदिक्कत घातले असंही नाही. खबरदारी घेतली होती. खासदाराचं नाव नाही, पक्षाचं नाव नाही, उगाच कुठे बदनामीचा दावा लागायला नको. लेख जिवंत व्हावा म्हणून मात्र लिहिलं, की पुण्याची एक मराठी मुलगी तिथे समोरच्या टेबलावर बसते, डब्यात थालीपीठ नेते, येणाऱ्या म्हाताऱ्यांशी मोडक्या पंजाबीत बोलते, आणि तिला हे गठ्ठे करताना झोप लागत नाही. बहिणीला विचारावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, मराठीत तर आहे, आपल्याच माणसांत. मराठीत लिहिलेलं म्हणजे घरात बोललेलं, असं मी खरोखर समजत होतो. तिथल्या कुणाला मराठी येतं?

दिवाळी अंक पूर्वी पोस्टाने जायचे. आता ते पीडीएफ असतात. आमचा अंक लक्ष्मीपूजनाला इथल्या ग्रुपवर पडला आणि भाऊबीजेपर्यंत न्यू जर्सी, टोरंटो, व्हँकुव्हर अशा सगळ्या मंडळांत फिरून आला. मला अनोळखी नंबरांवरून शाबासक्या येत होत्या. “परखड!” “डोळे उघडलेत!” मी त्या बायकोला वाचून दाखवत होतो. भाऊबीजेला बहीण दरवर्षी व्हिडिओवर ओवाळायची. त्या वर्षी फोन आला नाही. मला वाटलं, कामात असेल.

तिचा फोन आला तो चार दिवसांनी, आमच्या दुपारी, मी ऑफिसात असताना. मी जिन्यात जाऊन घेतला. जेवणावळीची तिकिटं घेणाऱ्यांत दोन मराठी घरं होती, हे तिने मला कधी सांगितलंच नव्हतं. त्यातल्या एकांनी लेख वाचला, इंग्रजीत करून घेतला आणि कार्यालयात नेऊन दिला. तिला कुणी ओरडलं नाही. फायलींचं काम काढून घेतलं, इतकंच. समोरच्या टेबलावरून मागच्या खोलीत बसवलं आणि पत्ते टाइप करायला दिले. जेवायच्या वेळी कुणी तिच्यासमोर बोलेना.

मी सुरू केलं, की अगं तुझी बाजू न्यायाची आहे, तिकडे नीतिमत्ता बघायला खास अधिकारी असतात, तू रीतसर तक्रार कर, मी तुला मसुदा करून देतो.

ती म्हणाली, “मी रोज दुसऱ्या गठ्ठ्यातल्या दोन फायली उचलून पहिल्यात सरकवत होते. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. एका टॅक्सीवाल्याची आई आजारी होती, तिचं पत्र तसंच काढलं. आता तिथे कोण सरकवणार?”

आणि मग म्हणाली,

“दादा, त्या खासदाराचं नाव लेखात नाही. त्याच्या पक्षाचं नाही. माझा मात्र डबासुद्धा आहे.”

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी जिन्यातच उभा राहिलो. मग जागेवर जाऊन काकांना फोन लावला आणि अंक मागे घ्या म्हणून त्यांचे पाय धरले. ते बिचारे म्हणाले, “अहो, लिंक काढतो. पण लोकांच्या फोनमध्ये गेलं ते कसं परत आणू?” त्यांची काहीच चूक नव्हती. मी त्यांच्यावरही आवाज चढवला.

नाताळाआधी तिने राजीनामा दिला. तक्रार केली नाही. कुणाविरुद्ध काही सिद्ध झालं नाही, कारण कुणी काही विचारलंच नाही. तो खासदार आपल्या जागी राहिला, दोन गठ्ठेही राहिले असतील. अमेरिकेत जे व्हायचं ते झालं. माझ्या लेखाने त्यातल्या कशालाही धक्का लागला नाही. एवढ्या मोठ्या दोन देशांत माझ्या लेखणीने इजा झालेलं माणूस एकच.

मी माफी मागितली. लिहून मागितली, फोनवर मागितली, पुढच्या वर्षी पुण्यात आईसमोर मागितली. ती म्हणाली, “अरे, झालं ते झालं.” तिने अबोला धरला नाही, आणि तेच वाईट झालं. भांडली असती तर समजूत घालता आली असती. रविवारचा फोन चालू राहिला. हवा कशी आहे, आईचा गुडघा, भाच्याचं हॉकी. मी विचारायचो, नवीन नोकरी कशी आहे? “छान आहे.” लोक कसे आहेत? “चांगले आहेत.” पूर्वी एकेका माणसाची नक्कल करायची ती. आता मला तिच्या साहेबाचं वय माहीत नव्हतं. मी निवडणुका वाचणं सोडलं, ग्रुपमधून बाहेर पडलो, बुधवारी गाडीत खिडकीबाहेर बघू लागलो. त्याने काही बदललं नाही. ज्याला काहीही सांगता येईल असा दादा तिला एकच होता आणि तो मी तिच्यासाठी संपवला होता.

२०१८ च्या मार्चमध्ये एका शनिवारी मुलगी जेवणाच्या टेबलावर फोनवर काही तरी लिहीत होती. मी सहज विचारलं, कोण? “आत्या.” काय म्हणते? मुलीने आधी आईकडे बघितलं. बायको ताटाकडे बघत राहिली. तेव्हा मला कळलं की या घरात मला सोडून सगळ्यांना काही तरी माहीत आहे.

बहिणीच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांतल्या तीन रविवारी ती माझ्याशी बोलली होती. बर्फ वितळायला लागलंय, असं म्हणाली होती.

“मला का नाही सांगितलं कुणी?” मी ओरडलो नाही. ओरडायला काही उरलं नव्हतं.

“शी सेड डोन्ट टेल,” मुलगी म्हणाली.

“पण का?”

मुलगी माझ्याशी मराठीत क्वचितच बोलते. थोडा वेळ तिने शब्द शोधले. मग आत्याने सांगितलं होतं तसंच म्हणाली, “बाबाला सांगू नकोस. तो लिहील.”