मेहेरबान खोडणाऱ्या बाई

उटनूरच्या तहसील कचेरीसमोर मी वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण सातवीपर्यंत, तरी माझ्या मजकुरातील ओळ खोडण्याचे धाडस वकीलही करीत नाहीत. ते केले एकट्या मुनेश्वरबाईंनी. पहिल्याच भेटीत त्यांनी ‘मेहेरबान’ हा शब्द खोडून कागद माझ्यापुढे सरकवला.

बाई निवृत्त शिक्षिका. जंगलातील गावांच्या मुलींसाठी त्या देणग्यांवर वसतिगृह चालवीत. भाड्याचे घर उन्हाळ्याअखेर सोडावे लागणार होते. जागा न मिळाल्यास तीस मुलींची शाळा सुटणार होती. म्हणून भैंशाचे कापसाच्या जिनिंगचे मालक रामेश्वरशेठ यांना पत्र लिहायचे होते.

बाईंनी खोडलेले सर्व मी स्वतःच्या अधिकारात पुन्हा घातले. ‘मेहेरबान’, ‘निराधार अर्जदार’, ‘आपल्या चरणी’. वर रिवाजाप्रमाणे कोर्ट फीचे तिकीट चिकटवले आणि बाईंना न दाखवताच पत्र टपालात टाकले. शेठना ती कोर्टाची नोटीस वाटली. त्यांनी वकील गाठला, आणि वकिलाने बाईंना फोन केला.

बाई रागावल्या नाहीत. मला सोबत घेऊन भैंशाच्या बसमध्ये बसल्या. वाटेत म्हणाल्या, “मुन्शीजी, देनारा काय तहसीलदार हाय? तुमी त्याले खुर्चीत बसवलं अन् पोरींले उन्हात उभं केलं. मंग तो फाईलच पाह्यन.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “त्याच्याबी मनात हाय, पोरी शिकाव्या. त्याले जंगलात जाता येत नाही, म्हून आपन त्याचं काम करून राह्यलो.”

शेठपुढे त्यांनी काहीच मागितले नाही. नोटिशीबद्दल हसून माफी मागितली आणि मुलींसोबत जेवायचे आमंत्रण दिले. परतीच्या वाटेवर मी कुरकुरलो, तेव्हा त्यांनी आपली वही दाखवली. संस्थेचे वर्षाचे नियोजन तीत होते. कोणाला कशाचा जिव्हाळा आहे, कोणाला कधी जेवायला बोलवायचे, कोणाला कोणत्या मुलीची खबर कळवायची. शेठच्या नावापुढे एवढेच होते, ‘आई अंगठा उठवायची’.

शेठ आले. पंगतीत भाकरी-अंबाडी खात असताना शेजारी बसलेल्या जंगुबाई नावाच्या मुलीने आपण गणितात नापास झाल्याचे त्यांना सांगितले. शेठ म्हणाले, “मीबी व्हायचो.” हात धुताना त्यांनीच बाईंना विचारले, “उटनूरचं माझं गोदाम रिकामं हाय. खोल्या पाडून देतो, चालन का?”

शाळा उघडण्याआधी मुली तेथे राहायला गेल्या. पुढे दरमहा शेठना मुलींच्या खबरीचे पत्र जाई. बाई सांगत, मी लिहीत असे. मागणीची ओळ क्वचितच असे.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. मी शेठना निधनाची वार्ता कळवली, आणि आता पत्रांचे प्रयोजन संपले असे समजून थांबलो. मुलींची खबर मात्र मला येता-जाता कळे. दोन महिन्यांनी शेठ माझ्या टेबलाशी आले. सवयीने मी उठून उभा राहिलो. ते अर्जदारांच्या बाकावर बसले.

“मुन्शीजी, पत्र काऊन बंद केलं? बाई गेल्या, पोरी तं हायेत ना? जंगुबाईच्या गणिताचं काय झालं?”

मी त्यांच्यासमोरच कोरा कागद घेतला. तिकीट लावले नाही. पहिली ओळ लिहिली, ‘जंगुबाई गणितात पास झाली.’