खाडाखोडीवर सही

माझ्या मुलीने प्रवेश परीक्षेच्या निबंधात तीन चुका केल्या आणि तिन्ही नियमाप्रमाणे दुरुस्त केल्या. नियम माझा होता.

धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये होतो. तिथे नोंदवहीत आकडा चुकला तर गिरवायचा नाही, पांढरं लावायचं नाही. एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी छोटी सही. सतरा वर्षं हेच केल्यावर माणूस वाण्याची यादीसुद्धा सही करून दुरुस्त करतो. (आमच्या वरसे गावातल्या वाण्याने त्या याद्या जपून ठेवल्या होत्या. कशासाठी, ते मी विचारलं नाही.)

त्र्याण्णव साली मनीषाने पुण्याच्या एका कॉलेजची प्रवेश परीक्षा द्यायची ठरवलं. आधी खुणा करायचे प्रश्न, शेवटी अर्ध्या तासात तीनशे शब्दांचा निबंध. जागा चाळीस. मी हिशेब मांडला : पाच मिनिटं विचाराला, उरलेल्या पंचवीस मिनिटांत तीनशे, म्हणजे मिनिटाला बारा शब्द. महिनाभर ती लिहायची आणि मी घड्याळ घेऊन समोर बसायचो. खाडाखोड दिसली की म्हणायचो, "सही?"

"अहो, तो निबंध हाय का टाकीचा रिपोर्ट?" बायको विचारायची.

"सवय लागली पाहिजे."

"तिला लागली. मला अजून लागली नाय, तेवढंच बरं."

परीक्षेचं केंद्र पेणच्या एका शाळेत होतं. आम्ही तिघं पहिल्या एसटीने गेलो. पेपर सुटल्यावर मनीषा हसत बाहेर आली.

"दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द, बाबा. तीन खाडाखोडी. तिन्हींवर सही."

मी तिची पाठ थोपटली. मग तिच्या हातातली प्रश्नपत्रिका घेऊन मी मागच्या सूचना वाचल्या. नववी सूचना : निबंधाच्या कागदावर नाव, सही किंवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण केल्यास संपूर्ण पेपर बाद.

मी ती तीनदा वाचली. तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

"मनीषा, तू सूचना वाचल्या नाहीस?"

"वेळ कुठे होता? मिनिटाला बारा शब्द."

आम्ही परत शाळेत धावलो. केंद्रप्रमुख, एक वयस्कर मास्तर, गठ्ठ्याच्या गाठीवर लाख ओतत होते.

"सर, माझ्या मुलीने निबंधावर तीन सह्या केल्यात."

"कोणाच्या?"

"स्वतःच्याच."

"कशापायी?"

"चुकल्यावर करतात."

मास्तरांनी लाखेची कांडी खाली ठेवली. "कोणी सांगितलं तिला?"

मनीषाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "सील झालं. आता घरी जा नि गप बसा. एवढ्याशा सहीकडे कोण बघतंय?"

"ऐका त्यांचं," बायको माझी बाही ओढत म्हणाली.

पण चुकीची नोंद कळवायची नाही म्हणजे काय? मी बाकावर बसून कॉलेजला अर्ज लिहिला : आसन क्रमांक, सह्यांच्या ओळी, चूक माझी आहे, मुलीची नाही. दोन पानं झाली. (त्यात चार ठिकाणी खाडाखोड झाली. सह्या केल्या.) मास्तरांनी सुस्कारा सोडून तो पाकिटात घातला आणि गठ्ठ्याला जोडला.

परतीच्या एसटीत मनीषा खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा, बाद झाला तर?"

पुढचे चोवीस दिवस मी पोस्टमनला लांबून बघूनच घामाघूम होत होतो. पंचविसाव्या दिवशी पत्र आलं : मुलाखतीस यावे, पालकांसह.

पुण्याला प्राचार्यबाईंच्या टेबलावर मनीषाचा निबंध होता. शेजारी माझा अर्ज.

"तपासणाऱ्यांना या पर्यवेक्षकांच्या सह्या वाटल्या," बाई म्हणाल्या. "त्यांनी चांगले मार्कही दिले. आम्हाला कळलं ते तुमच्या अर्जामुळे."

बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी अर्ज उचलला, दोन्ही पानं वाचली आणि मनीषाला विचारलं, "घरी नेहमी असंच असतं?"

"हो, मॅडम. लहानपणापासून."

बाईंनी अर्ज घडी घालून ठेवला. "तपासणाऱ्यांना ओळख पटली नव्हती, तेव्हा पेपर धरायला हरकत नाही. प्रवेश दिला."

मग त्यांनी हॉस्टेलसाठी आलेल्या अर्जांची यादी पुढे ओढली. मनीषाचं नाव खाली सत्ताविसावं होतं. बाईंनी ते सगळ्यात वर लिहिलं आणि शेजारी कारणाच्या रकान्यात दोनच शब्द टाकले : 'घरची परिस्थिती.'